कुत्र्याला लाइमची लस द्यायची का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या कुत्रेवाल्यांसाठी

घरी पहिल्यांदाच पिल्लू आणलं की माणूस रात्री फोन घेऊन बसतो. गोचीड, ताप, लस असं काहीही शोधलं तरी निम्मी माहिती अमेरिकेतली निघते आणि तिथं लाइम नावाचा आजार हमखास भेटतो. गोचिडीमुळे होतो, कुत्रं लंगडतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, दरवर्षी लस द्या. इकडे आपल्या पिल्लाच्या कानात सकाळीच चार गोचिडी सापडलेल्या असतात. धसका बसणारच.

माझी पुतणी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असते. तिच्या गोल्डन रिट्रीव्हरला ही लस दरवर्षी देतात. ‘काका, तुमच्या मोतीला दिली की नाही?’ असं तिनं विचारलं आणि मी या विषयाच्या मागे लागलो. टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत ओळखीच्या डॉक्टरांना छळलं. आता कुणी कुत्रं आणलं की हाच प्रश्न फिरून माझ्याकडे येतो, म्हणून एकदाच लिहून काढतो.

उत्तर आधी सांगतो. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, पलीकडे हल्याळ-जोयडा, या पट्ट्यात जन्मलेल्या आणि इथंच राहणार असलेल्या कुत्र्याला लाइमची लस लागत नाही. परदेशी जाणाऱ्या कुत्र्याचं गणित वेगळं, ते शेवटी बघू. मात्र ‘लागत नाही’ एवढंच ऐकून निर्धास्त होऊ नका. गोचिडी इथं भरपूर आहेत, त्या दुसरे आजार देतात आणि त्या आजारांवर इथल्या दवाखान्यात लस मिळत नाही.

सुरुवातीला हाताशी काय असावं

- कुत्र्याचं लसीकरण कार्ड, प्रत्येक लसीचं स्टिकर चिकटवलेलं
- ताजं वजन (अंदाजे नको, दवाखान्यातल्या काट्यावरचं)
- आधीचे रक्ताचे रिपोर्ट असतील तर त्यांचे फोटो
- बारीक टोकाचा चिमटा, झाकणाची छोटी बाटली, थोडं स्पिरिट
- डिजिटल थर्मामीटर, फक्त कुत्र्यासाठी वेगळा ठेवलेला
- मोबाइलमध्ये एक नोंद: गोचिडीचं औषध कधी दिलं, पुढचं कधी

१. आजार कुठला आणि गोचीड कुठली, हे आधी वेगळं करा

लाइम हे कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचं नाव. १९७५ च्या सुमारास त्या भागात मुलांचे सांधे सुजू लागले आणि त्यावरून आजाराला नाव पडलं. १९८२ साली विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीतला जंतू दाखवून दिला, म्हणून जंतू झाला बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

हा जंतू वाटेल ती गोचीड पसरवत नाही. त्याला लागते इक्सोडिस जातीची गोचीड. ती थंड, ओलसर, पाचोळ्यानं भरलेल्या रानात वाढते, लहानपणी उंदरांच्या रक्तातून जंतू घेते आणि मोठी झाली की हरणावर नाहीतर कुत्र्यावर चढते. तीही चावल्या चावल्या आजार देत नाही. जंतू कुत्र्यात उतरायला ती साधारण २४ ते ४८ तास चिकटून राहावी लागते.

आपल्या मोती-टायगरच्या अंगावर असते ती तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस. तिला रान लागत नाही. पडवी, जिना, कुत्र्याचं गोणपाट, भिंतीची फट एवढ्यावर तिचा संसार पिढ्यानपिढ्या चालतो. ती लाइम पसरवत नाही. ती देते एर्लिकिया आणि बबेसिया. हेपॅटोझून नावाचा तिसरा आजार तर कुत्र्यानं गोचीड गिळली की होतो. दवाखान्यात या सगळ्यांना मिळून ‘टिक फिव्हर’ म्हणतात.

मग भारतात लाइम नाहीच का? असं म्हणता येणार नाही. हिमालयाच्या बाजूला इक्सोडिस गोचिडी आहेत, माणसांतल्या तुरळक केसेस नोंदलेल्या आहेत, आणि आपल्याच राज्यात नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलाजवळच्या लोकांच्या रक्तात लाइमविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली आहेत. प्रतिपिंडं सापडणं म्हणजे कुत्र्यांत साथ असणं नव्हे. शिवाय ते जंगल पार म्हैसूरच्या बाजूला, आपण इकडे वरच्या टोकाला.

लसीबद्दलही थोडं. कुत्र्यांसाठी पहिली लाइमची लस अमेरिकेत १९९० च्या सुमारास आली. तिचं काम मोठं गमतीचं आहे. लस दिलेल्या कुत्र्याचं रक्त गोचीड पिते, त्यातली प्रतिपिंडं गोचिडीच्याच पोटात जाऊन जंतूला गाठतात आणि तो कुत्र्यापर्यंत पोचायच्या आत निकामी होतो. पण ज्या भागात लाइम पसरलेला आहे तिथंही जंतू अंगात गेलेल्या बहुतेक कुत्र्यांना काहीच त्रास होत नाही. शेकड्यात पाच-दहा आजारी पडतात. मूत्रपिंडाचा गंभीर प्रकार त्याहून विरळा, आणि लॅब्रेडॉर-गोल्डनमध्ये तो जास्त दिसतो. २०१८ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी बसून लाइमवर एकत्रित मत तयार केलं, तेव्हा लस सरसकट द्यावी की नाही यावर त्यांच्यातच दोन तट होते. जागतिक पातळीवरही ती सगळ्या कुत्र्यांना आवश्यक अशा लसींत धरत नाहीत. जिथं आजार आहे तिथं ही गत, तर यळ्ळूरच्या शेतावरच्या कुत्र्यासाठी ती मिळवायला धडपडायचं कशाला?

२. कुत्रं कुठं फिरतं ते बघा

शहरातलं कुत्रं, म्हणजे शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कॅम्प. संध्याकाळी व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत फेरी, बाकी वेळ गच्ची नाहीतर अंगण. (कधीकाळी जिथं माणसांसाठी देवीची लस तयार व्हायची, त्याच मैदानावर आज लोक कुत्र्याच्या लसीवरून वाद घालतात.) याला धोका तपकिरी गोचिडीचा आणि मोकाट कुत्र्यांच्या चाव्याचा.

शेतावरचं कुत्रं. गोठा, उसाचा फड, भाताचे वाफे, उंदीर-घुशी. इथं गोचिडीबरोबर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरा जंतूच्या आजाराची, भीती मोठी. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. खानापूरकडचा पाऊस बघता हा धोका कागदावरचा नाही.

रानात जाणारं कुत्रं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, लोंढा, जोयडा. या बाजूला माणसाच्या दृष्टीनं काळजीचा गोचीडजन्य आजार म्हणजे माकडताप. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गेल्या काही वर्षांत घाटाखाली दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीतही त्याचे रुग्ण निघाले. हा जंतू इक्सोडिसवर अवलंबून नाही, तो मुख्यतः हीमाफिसॅलिस जातीच्या रानगोचिडी पसरवतात आणि डिसेंबर ते मे हा त्याचा जोराचा काळ. कुत्रं अशी गोचीड अंगावर घेऊन घरात येऊ शकतं. म्हणून काजूच्या बागेत किंवा रानात जाऊन आल्यावर आधी कुत्रं बाहेरच तपासा, मग स्वतःचे पाय. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

या तिघांपैकी कुणालाच लाइमची लस लागत नाही.

३. लसीचं कार्ड उघडा आणि ‘एल’ वाचा

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथं. कार्डावर ‘डीएचपीपीआय प्लस एल’ (डिस्टेंपर, पार्वो वगैरेंची एकत्र लस, अधिक एल) असं लिहिलेलं असतं आणि घरातलं शिकलेलं माणूस ठासून सांगतं, ‘एल म्हणजे लाइम, आपलं झालंय.’ तो एल लेप्टोस्पायराचा आहे. सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन जे काही म्हणतात त्यात लाइम नसतो. उलटंही होतं: लाइम इथं नको म्हणून कुणीतरी तो एलच गाळायला सांगतं. तसं अजिबात करू नका. भाताच्या आणि उंदरांच्या मुलखात लेप्टोची लस हवीच.

इथल्या कुत्र्याला खरंच काय हवं:

रेबीज. तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा. यात चालढकल नाही. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत मोफत लसीकरण चालतं. तालुक्याच्या दवाखान्यात आठवडाभर आधी चौकशी करा.

डिस्टेंपर-पार्वोची लस. सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एक इंजेक्शन झालं की भागलं असं समजून लोक थांबतात आणि पार्वोत पिल्लू जातं.

लेप्टो. सुरुवातीला दोन डोस, मग दरवर्षी. एक वर्ष चुकलं की डॉक्टर बऱ्याचदा पुन्हा दोन डोसांपासून सुरू करतात.

लस घेताना शीशीवरचं स्टिकर तुमच्या डोळ्यांसमोर कार्डावर लावून घ्या. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. खेडेगावात दुपारची लाइट जाते तेव्हा फ्रिजचं काय करता, हे विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर बर्फाचा डबा उघडून दाखवतात.

आणि एक. अमेरिकेहून येणाऱ्या कुणाकडून सुटकेसमध्ये लाइमची लस मागवू नका. परवान्याशिवाय लस आणणं बेकायदा आहे, आणि वीस-बावीस तासांच्या प्रवासात ती थंड राहत नाही ते वेगळंच.

४. वाचलेलं लक्ष गोचिडीवर घाला

आमच्या मोतीच्या अंगावरच्या गोचिडी काढून काढून कंटाळा आला होता. एका रात्री पडवीतल्या लाकडी खांबामागे, गिलावा सुटला होता तिथं, टॉर्च मारली. फटीत राखाडी फुगलेली मादी आणि तिच्यापुढे तपकिरी, खसखशीएवढ्या अंड्यांचा पुंजका. एक मादी काही हजार अंडी घालते. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळ्या घरात. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन काही होत नाही.

अंग तपासताना हा क्रम धरा: कानाच्या आत आणि कानाच्या मुळाशी, पापण्या, पट्ट्याखाली, बगल, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. मुधोळसारख्या आखूड केसांच्या कुत्र्यावर नजरेनं दिसतात, लॅब किंवा पॉमवर बोटांनी चाचपावं लागतं. सापडली की चिमट्यानं कातडीलगत धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका. काडेपेटी, उदबत्ती, रॉकेल यातलं काही नको. नखानं चिरडू नका, बाटलीतल्या स्पिरिटमध्ये टाका. मग हात धुवा.

औषधं तीन तऱ्हेची मिळतात. चघळायच्या गोळ्या (फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सॅरोलानर): एखादी महिनाभर चालते, एखादी साधारण तीन महिने. मानेवर सोडायचे थेंब, त्यात बहुधा फिप्रोनिल. आणि धुण्याचं औषध, अमिट्राझ. माझं मत गोळीच्या बाजूनं आहे. महाग वाटते, पण पावसात धुऊन जात नाही आणि लहान मुलं कुत्र्याच्या गळ्यात पडली तरी हाताला औषध लागत नाही. गोळी वजनावर ठरते, म्हणून काटा. कुत्र्याला फिट येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गोळ्यांनी फिट वाढू शकते. गोळी दिल्यावरही गोचिडी दिसतील, कारण चावल्याशिवाय त्या मरत नाहीत. दोन दिवसांत वाळून गळतात. ‘गोळी नकली निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

शेतात नाहीतर गुरांवर चालतं म्हणून कुत्र्यावरही वापरायचं, अशा दोन गोष्टी आपल्याकडे फार चालतात. एक, शेतातलं फवारणीचं औषध पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ घालणं. कुत्रं चाटतं, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, आणि कधी कधी दवाखान्यापर्यंतही पोचत नाही. दुसरं, गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं टोचणं. कोली जातीच्या कुत्र्यांना ते थेट मेंदूवर जातं, आणि मात्रा चुकली तर कुठल्याही कुत्र्याला घातक आहे. घरात मांजर असेल तर आणखी जपा. कुत्र्यासाठीची परमेथ्रिनची औषधं मांजराला विष आहेत, अमिट्राझही चालत नाही.

घराचं काम: फटी सिमेंटनं बुजवा, गोणपाट जाळा किंवा उकळत्या पाण्यात टाका, अंथरूण कडक उन्हात घाला. किमान तीन-चार महिने सलग हे लावून धरावं लागतं, कारण फटीतली अंडी मागाहून फुटत राहतात. गोठा आणि कुत्र्याची जागा लांब ठेवा.

५. आजारी पडलंच तर

खाणं सोडलं, अंग तापलंय, हिरड्या पांढुरक्या दिसतात, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, लघवी चहाच्या रंगाची. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटपर्यंत नेहमीचंच असतं. हात लावून ‘गरम लागतंय’ म्हणण्यात अर्थ नाही, १०३ च्या वर गेलं की ताप धरा. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, दोन्ही कुत्र्याला बाधतात.

डॉक्टरांकडे मागा: रक्ताची पूर्ण तपासणी (प्लेटलेट किती ते बघा), काचेवरचा रक्ताचा लेप, आणि गरज वाटली तर किट (थेंबभर रक्तावर जागीच होणारी तपासणी) किंवा पीसीआर. नुसतं तापाचं इंजेक्शन देऊन घरी धाडणारे भेटतात. तिथं नम्रपणे पण ठामपणे रक्त तपासायला सांगा.

किटवर मध्येच लाइमचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. काही किटवर एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा (हाही गोचिडीतून येणारा जंतू), हार्टवर्म (हृदयातले जंत) यांच्या शेजारी लाइमचीही खूण असते. ती उमटली तरी लगेच हाय खाऊ नका. ती प्रतिपिंडांची खूण आहे, आजाराची नव्हे. ज्या भागात आजार जवळपास नसतोच तिथं अशी एकटी खूण चुकीची निघण्याची शक्यताच जास्त. कुत्रं परदेशात किंवा हिमालयाकडे राहून आलंय का, लंगडतंय का, लघवीत प्रोटीन जातंय का, हे बघून डॉक्टर पुढची तपासणी ठरवतील.

एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन, साधारण २८ दिवस, खाण्याबरोबर. पाचव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवत ताट चाटायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. करू नका. बबेसियाला एकटं डॉक्सीसायक्लिन पुरत नाही. आठवडाभरात उतार नसेल तर लेप पुन्हा बघायला सांगा.

६. कुत्रं परदेशी जाणार असेल तर

लाइमच्या लसीचा विचार करायचा तो इथं. आपल्याकडची मुलं बाहेर स्थिरावतात आणि मागून कुत्रंही बोलावून घेतात.

पहिला प्रश्न, जाणार कुठं? अमेरिकेचा ईशान्य भाग (मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया) आणि वर मिनेसोटा-विस्कॉन्सिन इथं लाइम भरपूर. तिथं अंगणाला लागून झाडी असेल तर माझं मत लस द्यावी असं. टेक्सासला जाणार असेल तर घाई नाही. युरोपातही इक्सोडिस आहे, तिथल्या डॉक्टरांना गाव सांगून विचारा.

दुसरा प्रश्न, कधी? इथं नाही, तिथं पोचल्यावर. दोन डोस, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. वसंतात गोचिडी उठायच्या आत दोन्ही झालेले बरे. गोचिडीची गोळी मात्र लस दिली तरी चालूच. ॲनाप्लाझ्मा देणारी गोचीड तिथं तीच आहे आणि लस तिला अडवत नाही.

अमेरिकेत शिरताना लाइमची लस कुणी मागत नाही, मागतात ती रेबीजची कागदपत्रं. १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक झाले, आणि भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत धरला जातो. लागतं ते असं:

- कुत्र्याचं वय किमान सहा महिने
- वाचता येईल अशी मायक्रोचिप, रेबीजच्या लसीच्या आधी बसवलेली
- रेबीज लसीचा आणि चिपचा ठरावीक फॉर्म, सरकारी पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्यानं
- मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेबीज प्रतिपिंडांचा रिपोर्ट. पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि पोचण्याच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं रक्त
- तिथल्या नोंदणीकृत प्राणी-केंद्रात आधी केलेलं आरक्षण
- ऑनलाइन भरलेला आयात फॉर्म

चिप आधी, लस नंतर. हा क्रम उलटला की लस पुन्हा घ्यावी लागते आणि तारखा घसरतात. रिपोर्ट नसेल तर तिथं २८ दिवस विलगीकरण, तेही आपल्या खर्चानं. भारतातून निघतानाचा दाखला केंद्राच्या पशु विलगीकरण आणि प्रमाणीकरण सेवेकडून मिळतो. आपल्याला सोयीची केंद्रं मुंबई आणि बेंगळुरू. तिकिटाच्या आधी निदान चार-पाच महिने या कामाला लागा.

उलट दिशेनं, म्हणजे तिकडून लस घेतलेलं कुत्रं इथं कायमचं येणार असेल, तर लाइमचा वार्षिक डोस बंद पडला म्हणून काही बिघडत नाही. त्यानं आपली गोचीड पूर्वी पाहिलेली नसते, म्हणून येण्याच्या आधीच गोळी सुरू करा आणि पहिल्या पावसाळ्याच्या आत लेप्टोचे दोन्ही डोस पुरे करा. तिकडच्या कार्डावर लेप्टो आणि लाइम दोन्ही असतात. इथल्या डॉक्टरांना कार्ड दाखवताना कुठली लस कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवा.